‘जोकर’ प्रदर्शित होताना अमेरिकेत थिएटरांबाहेर पोलीस का होते, आणि ती भीती खरी ठरली का?

आपण जळगावहून दोन गोष्टी विचारल्या आहेत. 2019 साली ‘जोकर’ प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत चित्रपटगृहांना पोलीस बंदोबस्त का द्यावा लागला, ही पहिली. आणि अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेला आपला धाकटा भाऊ हाच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो, त्याची काळजी करावी का, ही दुसरी. मी धुळ्यातील एका एकपडदा चित्रपटगृहात उमेदीची बरीच वर्षे व्यवस्थापक होतो. पडद्यावर काय चालले आहे यापेक्षा प्रेक्षागृहात काय चालले आहे, याकडे माझे लक्ष आधी जाते. उत्तरही त्याच बाजूने येणार, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

त्या भीतीचे मूळ सात वर्षे आधीच्या एका घटनेत होते. 20 जुलै 2012 रोजी कोलोरॅडो राज्यातील ऑरोरा शहरात ‘द डार्क नाइट राइझेस’ या बॅटमॅनपटाचा मध्यरात्रीचा पहिला खेळ चालू असताना एका तरुणाने गोळीबार केला आणि त्यात 12 जण ठार, तर 70 जण जखमी झाले. हा तरुण रीतसर तिकीट काढून आत बसला होता. खेळ सुरू झाल्यावर तो पडद्याजवळच्या आपत्कालीन दरवाजाने बाहेर पडला, दार पुरते लागू नये अशी तजवीज त्याने केली, मागे उभ्या केलेल्या गाडीपाशी जाऊन संरक्षक पोशाख चढवला आणि बंदुका घेऊन त्याच दाराने परत आत आला. त्याने वायूचे डबे फेकले तेव्हा पहिले काही क्षण कित्येक प्रेक्षकांना हा पहिल्या खेळाच्या गमतीचाच एखादा प्रकार वाटला. त्याने वापरलेल्या बंदुका कायदेशीर मार्गाने विकत घेतलेल्या होत्या.

पहिल्याच दिवशी अशी बातमी पसरली की तो स्वतःला जोकर, म्हणजे बॅटमॅनच्या कथांतला विदूषकासारखा रंगवलेला खलनायक, म्हणवत होता. त्याने केस रंगवलेले होते हे खरे, पण ते जोकरसारखे हिरवे नव्हते, नारंगी होते. पुढे खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांनीही या कथेला पुरावा नसल्याचे सांगितले. तोवर कथा जगभर जाऊन पोचली होती, आणि ऑरोरा म्हटले की जोकर ही सांगड लोकांच्या मनात पक्की बसली होती. त्यामुळे दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी त्याच खलनायकाला नायकाच्या जागी बसवून चित्रपट केला, आणि तोही मानसिक आजाराने पिचलेल्या, सरकारी समुपदेशन व औषधे बंद झालेल्या, सगळ्यांकडून मार खाल्लेल्या आणि अखेरीस हाती पिस्तूल आलेल्या माणसाची कहाणी म्हणून, तेव्हा लोकांच्या पोटात गोळा येणे साहजिक होते. सप्टेंबर 2019 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हापासूनच वादाला तोंड फुटले होते. एका मुलाखतीत, या चित्रपटामुळे कोणी हिंसेला प्रवृत्त होईल असे वाटत नाही का, असे विचारल्यावर जोकरची भूमिका करणारे वाकीन फीनिक्स उठून बाहेर गेले होते. काही वेळाने परतले, पण वादात आणखी तेल पडायचे ते पडलेच.

याच सुमारास ऑरोराच्या मृतांच्या काही आप्तांनी ‘जोकर’ काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीला पत्र लिहिले. चित्रपटाविरुद्ध पत्र म्हणजे बंदीची मागणी, असे आपल्याकडे गृहीतच धरले जाते. या पत्रात तशी मागणी नव्हती. बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी झगडणाऱ्या संघटनेचे पैसे घेऊन शस्त्रनियंत्रणाच्या विरोधात मत देणाऱ्या राजकारण्यांना कंपनीने देणग्या देऊ नयेत, कायदा कडक व्हावा म्हणून आपले वजन वापरावे, आणि हिंसेतून वाचलेल्यांसाठीच्या निधीला हातभार लावावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ज्यांची माणसे गेली त्यांनी बोट बंदुकीकडे दाखवले आणि बाकीच्यांनी पडद्याकडे, हे मला आजही विचार करायला लावते. कंपनीने उत्तरात सांगितले की हे पात्र किंवा हा चित्रपट प्रत्यक्षातील हिंसेचे समर्थन करीत नाही. ऑरोरातील त्या चित्रपटगृहाने मात्र ‘जोकर’ लावलाच नाही, आणि माझ्या मते तो निर्णय सर्वस्वी योग्य होता. ज्या गावात जखम आहे तिथे तिकिटाचा विचार मागे राहिला पाहिजे.

आता पोलिसांबद्दल. प्रदर्शनाच्या तोंडावर अमेरिकी लष्कराने आपल्या जवानांना सावधगिरीची सूचना दिली. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी चित्रपटगृहांभोवती गस्त वाढवली, चित्रपटगृहांच्या काही साखळी-कंपन्यांनी मुखवटे घालून किंवा चेहरा रंगवून येणाऱ्यांना प्रवेश नाकारला, आणि हॉलिवूडमधील खास खेळाच्या लाल गालिच्यावर पत्रकारांच्या मुलाखतीच ठेवल्या नाहीत. कॅलिफोर्नियात एका ठिकाणी धमकीमुळे खेळ रद्दही झाले. पण 4 ऑक्टोबरला चित्रपट तिथे सर्वत्र लागला, आठवडे लोटले, आणि ज्याची भीती होती तसे हत्याकांड कुठल्याही चित्रपटगृहात घडले नाही. घडले ते भलतेच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ज्या दगडी जिन्यावर नायक नाचतो, तिथे फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की आजूबाजूचे रहिवासी वैतागले. त्याच महिन्यात लेबनॉनची राजधानी बैरूतच्या सरकारविरोधी निदर्शनांत तरुण जोकरसारखा चेहरा रंगवून रस्त्यावर उतरले. त्यांच्यासाठी तो खुनी नव्हता, व्यवस्थेने नाडलेला माणूस होता. चित्रपटाने जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक धंदा केला, फीनिक्स यांना ऑस्कर मिळाले, आणि बंदोबस्ताची चर्चा मागे पडली.

तेव्हा भीती साफ खोटी ठरली असे म्हणून मोकळे होता येईल, पण तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 31 ऑक्टोबर 2021 रोजी, हॅलोविनच्या रात्री, टोकियोच्या एका लोकलगाडीत जोकरसारखे कपडे घातलेल्या एका तरुणाने एका प्रवाशावर चाकूने हल्ला केला आणि डब्यात आग लावली. बरेच जण जखमी झाले. आपल्याला या पात्राचे आकर्षण होते असे त्याने पोलिसांना सांगितले. म्हणजे दोन वर्षांनी, दुसऱ्याच देशात, चित्रपटगृहापासून लांब ती सांगड प्रत्यक्षात आली. माझे मत असे की त्याने पात्राकडून वेष घेतला. हेतू त्याचा आधीपासूनचा होता की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे आणि डॉक्टरांचे काम आहे. चित्रपटाचा परिणाम होतच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मार्च 2025 मध्ये एका ऐतिहासिक चित्रपटात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याचा प्रसंग पाहून असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन सोने शोधायला खणत होते, हे रावेर-भुसावळकडच्या वाचकांना सांगायला नकोच.

आपल्याकडची चित्रपटाची भीती या अमेरिकी भीतीहून अगदी वेगळी आहे. तिथे धास्ती होती ती आत बसून चित्रपट पाहणाऱ्या एखाद्या माथेफिरूची. इथे धास्ती असते ती चित्रपट न पाहिलेल्या आणि बाहेर दगड घेऊन उभ्या असलेल्या जमावाची. जानेवारी 2018 मध्ये ‘पद्मावत’च्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बंदीला स्थगिती दिली होती, तरी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुरुग्रामजवळ मुलांनी भरलेल्या शाळेच्या बसवर दगडफेक झाली, आणि काही राज्यांतील मल्टिप्लेक्सचालकांनी तो चित्रपट लावण्याचे टाळले. कायदा याबाबत संदिग्ध नाही. 1989 साली एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, कारण तसे करणे म्हणजे धाकदपटशाला शरण जाणे होय, आणि सुव्यवस्था राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पण निकाल दिल्लीत लागतो आणि काच तालुक्याच्या गावी फुटते. निवेदन घेऊन आलेली मंडळी कार्यालयात चहा पिऊन, ‘साहेब, आमचे काही नाही, पोरे ऐकत नाहीत’ असे सांगून गेली की मालक त्याच संध्याकाळी पोस्टर उतरवायला लावतो, हे मी एकाहून अधिक चित्रपटांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यांतल्या बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेला नसे. एकदा तर निवेदनात चित्रपटाचे नावच चुकीचे होते, आणि आमच्या बुकिंग क्लार्कने ते लाल पेनाने दुरुस्त करून मग पोच दिली.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, त्याकडे येतो. ऑरोरात मारेकऱ्याला वाट मिळाली ती आपत्कालीन दरवाजातून, आणि तो दरवाजा उघडा राहिल्याचे कोणाला कळले नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आग लागली तेव्हा 59 माणसे गेली, ती बहुतांशी बाल्कनीत धुराने गुदमरून. तळमजल्यावरच्या वीजमंडळाच्या रोहित्रातून आग सुरू झाली होती, आणि बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडवलेली होती. त्या दिवशी पडद्यावर देशभक्तीचा चित्रपट होता, ज्याच्याविरुद्ध कोणी निवेदन दिले नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये हैदराबादेत एका तेलुगू चित्रपटाच्या खास खेळाला नायक आल्यामुळे झालेल्या चेंगराचेंगरीत एका महिलेचा जीव गेला. आपल्या शेजारच्या मालेगावात नोव्हेंबर 2023 मध्ये चालू खेळात प्रेक्षकांनी खुर्च्यांमध्ये फटाके आणि रॉकेट उडवले, तेव्हा खुद्द नायकाला असे करू नका म्हणून आवाहन करावे लागले. तिथेही पडद्यावर कोणताही काळोखा चित्रपट नव्हता. होता तो मारधाडीचा, शिट्ट्या-टाळ्यांचा, सणाच्या दिवसांतला खेळ.

आमच्या थिएटरला स्टॉलच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांचे, बाहेर उघडणारे दरवाजे होते. गर्दीच्या चित्रपटाला पोरे बाजूच्या बोळातून या दरवाजांनी फुकट घुसत, म्हणून मालकांचा हुकूम असे की इंटर्व्हलपर्यंत साखळी घालून ठेवा. आमचा जुना डोअरकीपर यावर नेहमी कुरकुर करी. ‘भाऊ, पिच्चरमा काहीबी होऊ दे, दरवाजाले कुलूप नको,’ असे म्हणून तो साखळी नुसती अडकवून ठेवायचा, कुलूप स्वतःच्या खिशात, आणि बॅटरी घेऊन त्या दाराशीच स्टूल टाकून बसायचा. फुकटे घुसले तर त्याबद्दल मालकांची बोलणी तो खाई. चित्रपटगृहाचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतला असतो; तपासणीला माणसे आली की साखळी गायब होत असे आणि ती गेली की परत येत असे. हे एकट्या आमच्या थिएटरचे दुखणे होते असे मला वाटत नाही. परगावी चित्रपट पाहायला गेलो तरी मी आधी बाजूची दारे पाहतो, आणि साखळी दिसली नाही तरच जागेवर बसतो.

राहिला आपल्या भावाचा प्रश्न. ‘जोकर’ला भारतात ‘ए’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच तो पाहता येतो, आणि भाऊ त्या वयाचा झाला आहे. एखादा चित्रपट अनेकदा पाहणे हे काळजीचे कारण नाही. आमच्याकडे एकच चित्रपट रोज पाहणारे गिऱ्हाईक असायचे आणि त्यांतले कोणी बिघडल्याचे मला ठाऊक नाही. आपल्या प्रश्नात मला खटकले ते दुसरेच: तो मित्रांत जात नाही, रात्री झोपत नाही आणि घरात बोलणे कमी झाले आहे, असे आपण लिहिले आहे. तो हा चित्रपट पाहत नसता तरीही हे लक्ष देण्याजोगे आहे. मोबाइल काढून घेऊन किंवा चित्रपटाला नावे ठेवून काही होणार नाही, उलट तो अधिकच मिटून बसेल. त्याच्याबरोबर एकदा तो चित्रपट पाहावा आणि त्याला त्यातले काय भिडते ते विचारावे. नायकाची समुपदेशक त्याला सांगते की निधी बंद झाला, आता आपली भेट होणार नाही, हा प्रसंग पाहून तो काय म्हणतो ते नीट ऐकावे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते, आणि घरच्या माणसालाही सल्ला विचारता येतो.

आणि त्याला थिएटरात कुठलाही चित्रपट पाहायला जायचे असेल तर खुशाल जाऊ द्यावे. फक्त आत गेल्यावर बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते बघून ठेवायला सांगावे. दाराला कुलूप दिसले तर आधी व्यवस्थापकाला सांगावे, आणि त्याने टाळाटाळ केली तर अग्निशमन विभागाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात चित्रपटगृहाचे नाव, खेळाची वेळ आणि कुलूप कोणत्या बाजूच्या दरवाजाला होते, एवढे लिहिले तरी पुरते.