फडावर जायचं तर अंधार पडल्यावर

नाताळ जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. सासू-सुनांची भांडणं मागे पडतात आणि मंडळ्यांना, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांना, मंडळीबाहेरचे गरीब आठवतात. यंदा चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आमची मंडळी कराड तालुक्यात, साखर कारखान्याच्या जवळच आहे. गेल्या नाताळात रविवारची उपासना आटोपून आम्ही ऊसतोड कामगारांच्या तळावर ब्लँकेटं वाटली. तिथे म्हातारी माणसं आणि पोरंच भेटली. पुढच्या आठवडे बाजारात त्यातली काही ब्लँकेटं विकायला आलेली आमच्या खजिनदारांनी पाहिली. त्यातच गावात ‘हे बाटवायला आलेत’ अशी कुजबुज झाली. आता मंडळीचे पंच म्हणतात, आपल्या मंडळीत गरीब थोडे आहेत का? यंदा जावं की नाही? — मंडळीचे सचिव

उत्तर : सलाम. जा, पण ब्लँकेटं घेऊन जाऊ नका, आणि रविवारी अकराला तर नकोच. तोडणीला रविवार नसतो. कोयता पहाटे फडात जातो आणि गाडी भरून दिल्याशिवाय परतत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे खजिनदारांना माहीत असेलच. दोघंही फडात, म्हणून तुम्हाला म्हातारी आणि पोरं भेटली. जी पोरगी तुमच्याकडून ब्लँकेट घेत होती, तिच्या कडेवर धाकटं होतं का? असेल तर ती शाळेत का नव्हती, हा प्रश्न ब्लँकेटापेक्षा मोठा आहे.

ब्लँकेट विकलं याचा राग सोडून द्या. ही माणसं बीडकडून, जतकडून येताना वाकळा बांधूनच येतात. हंगाम संपला की पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या सगळं एका ट्रॅक्टरवर चढवून परत जायचं असतं. त्यात चार ब्लँकेटं कुठे कोंबणार? तेलमीठ आणायला रोख पैसा लागतो आणि मजुरी तर आधीच घेतलेल्या उचलीत वळती होते. तुम्ही दिलेल्या वस्तूचे त्यांनी पैसे केले. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मग द्यायचं काय? माझं मत विचाराल तर हातात काही देण्याआधी सोबत जा. अंधार पडल्यावर, चुली पेटल्या की, दोघी-तिघी बायकांनी तळावर जावं. आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटा. तुम्ही त्याची माणसं फोडायला आला नाहीत, हे त्याला कळायला हवं. मग कोपीपाशी, म्हणजे त्यांच्या झोपडीपाशी, बसा आणि विचारा, रेशन कुठे घेता? बहुतेक जण म्हणतील, कार्ड गावाकडं आहे. त्यांना सांगा की कार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या रेशन दुकानातही मशीनवर अंगठा ठेवून धान्य मिळतं. फक्त आधी गावी फोन करून विचारा, मागे राहिलेले म्हातारे आईबाप सगळं धान्य उचलतात का. त्यांचं तोडून इथे घ्यायचं नाही, पण जितकी माणसं इथे आहेत तितक्यांचा वाटा इथे घेता येतो. दुकानदार पहिल्या खेपेला कुरकुर करेल. तेव्हा तुमचं कुणी शेजारी उभं असलं की फरक पडतो.

पोरांचंही तसंच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि पोराला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी बहुधा खूशच होतात, पटावर पोरं वाढतात. अडचण धाकट्याची असते. त्याला सांभाळायचं कुणी? म्हणून शाळेच्या आधी अंगणवाडी गाठा. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि सहा वर्षांच्या आतलं मूल, यांची नावं स्थलांतर करून आलेल्यांचीही तिथे घालता येतात. आशाताईंना तळ दाखवा, राहिलेल्या लसी त्या बघतील.

आरोग्य शिबिर घ्यायचं मनात असेल तर तेही संध्याकाळीच. दिवसा डॉक्टरकडे गेलं की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून ताप अंगावर काढून बाई मोळ्या बांधत राहते. रात्री आठला तळावर येईल असा एक डॉक्टर मिळवा.

आता कुजबुजीबद्दल. निघण्यापूर्वी सरपंचांना भेटा, गावातल्या तरुण मंडळातली दोन पोरं बरोबर घ्या. तळावर प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, पिशवीत बायबलच्या वचनाचं कार्ड नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं त्या हक्कात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. पण कायद्याचं राहू द्या. ज्याला तुमच्या मदतीची गरज आहे, तो तुमच्या प्रार्थनेला नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याला ती विचारायचीच नाही. कुणाला आपणहून यावंसं वाटलं तर चर्चची घंटा तळापर्यंत ऐकू जाते.

आणि पंचांना काय सांगायचं? मंडळीतले गरीब मंडळीने बघायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण ‘आपलं’ कोण, याची कुंपणं फार जवळ घालू नयेत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली तुमच्याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत टिळक गेले, दरबार फार चालला नाही. पण इकडे मिरजेत १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तेव्हा मिरजेत ख्रिस्ती घरं ती किती असणार? आपल्यांपुरतंच म्हटलं असतं तर खाटा रिकाम्या राहिल्या असत्या. पंचांपैकी कुणी शेतकरी असेल तर त्यांना बायबलमधली रूथची गोष्ट काढून द्या. तीही परमुलखातून आलेली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी बाई. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, अशी आज्ञाच होती. तो परका आपल्या मंडळीत येतो का, हे तिथे विचारलेलं नाही.

प्रश्न : आमचं तरुण मंडळ वृद्धाश्रमात फळं वाटणार आहे. मंडळीच्या नावाचा फ्लेक्स आणि फोटो असावेत का? त्याने इतरांना प्रेरणा मिळते. — तासगाव

उत्तर : फ्लेक्स नको. फोटो काढायचाच तर तुमचा, रिकाम्या टोपल्यांबरोबरचा काढा. हातात केळं देऊन म्हाताऱ्या आजोबांना कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे वचन तुम्ही शब्बाथ शाळेत पाठ केलेलं आहे. शिवाय फळं वाटण्याआधी तिथे कुणाकुणाला साखर आहे, हे विचारून घ्या.

प्रश्न : मी सांगलीतल्या एका मंडळीचा खजिनदार. २०१९ च्या महापुरात आम्ही चर्चचा हॉल उघडला होता, तेव्हा खर्चाचं कुणी विचारलं नाही. आता दरवर्षी पूरग्रस्तांसाठी रक्कम बाजूला ठेवायची आहे. आमच्या ट्रस्टच्या घटनेत ‘सभासदांची आध्यात्मिक उन्नती’ एवढाच उद्देश आहे. परदेशातला एक हितचिंतकही पैसे पाठवू म्हणतो. — सांगली

उत्तर : तुम्ही विचारलंत हे बरं केलं. ट्रस्टचा पैसा घटनेतल्या उद्देशावरच खर्च करता येतो, मन कितीही मोठं असलं तरी. गरिबांना व संकटग्रस्तांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत हे धर्मादाय हेतू सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात आहेत, पण ते तुमच्या घटनेतही हवेत. नसतील तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून उद्देश वाढवून घ्या. वेळ लागेल, वकील लागेल. तोवर ट्रस्टच्या खात्याला हात न लावता सभासदांनी आपापल्या खिशातून खर्च करावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा होतो आणि पंचेचाळीसला धोका. २०१९ ला ते सत्तावन्नच्या वर गेलं होतं. पाणी चढायला लागल्यावर सभा बोलावण्यात अर्थ नाही. हॉल कोण उघडणार, किल्ली कुणाकडे, गावभागातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांना कोण उचलणार, जनावरं कुठे बांधणार, हे मे महिन्यातच ठरवा. याला पैसा लागत नाही.

परदेशी पैशाला स्पष्ट नाही म्हणा. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असली तरी तो आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. ‘दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडून फिरवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तेही २०२० पासून बंद आहे.

प्रश्न : आमचं महिला मंडळ दर रविवारी मिरजेत सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतं. हल्ली अर्धं पातेलं परत येतं. बंद करावं का? — मिरज

उत्तर : बंद नका करू, वार बदला. रविवारी पुण्य करायला सगळेच येतात, बुधवारी रात्री कुणी नसतं. मिरजेत निम्मे पेशंट अथणी, चिकोडी, विजापूरकडचे. कानडी येणारी एकजण बरोबर ठेवा. औषधाची चिठ्ठी कुठल्या खिडकीवर द्यायची, एवढं सांगणाऱ्याचे लोक पाय धरतात. गरम पाण्याचा थर्मास आणि मोबाईल चार्जिंगला एक लांब बोर्ड न्या.

आणखी एक. शेजारच्या खासगी दवाखान्यांत ट्रस्टचे पुष्कळ आहेत. धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यासाठी एक लाख ऐंशी हजार, दुसऱ्यासाठी तीन लाख साठ हजार. नातेवाइकांना हे कुणी सांगत नाही आणि बिल भरायला ते दागिने मोडतात. तुम्ही त्यांना बिल होण्याआधी, भरती होतानाच दवाखान्यातल्या समाजसेवकाकडे घेऊन जा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतील. पेशंट आत असताना माणूस गावी कसा जाणार? मागे राहिलेल्या भावाला फोन लावायला सांगा, रेशनकार्डाचा फोटो मागवून घ्या आणि तो दाखवून अर्ज त्याच दिवशी देऊन टाका. अर्जाची पोच मात्र घ्या.