पाच एकरांसाठी पहिला ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यावा?

पाच एकरांना २५ ते ३० एचपीचा, फोर व्हील ड्राइव्हचा छोटा ट्रॅक्टर पुरतो. पण आधी अवजारं ठरवा, मग ट्रॅक्टर. उलटं केलं की पैसे वाया जातात. रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर चालतो आणि तिथे इंजिनाच्या एचपीपेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमीच ताकद पोचते. म्हणून माहितीपत्रकात पीटीओ एचपीचा आकडा बघा, शिवाय अवजार उचलणारं हायड्रॉलिक किती किलो उचलतं तेही. फळबाग असेल तर दोन ओळींतलं अंतर मोजूनच खरेदीला जा, ट्रॅक्टर त्यातून जायला हवा. जमीन भारी, चिकट असेल आणि खोल नांगरट करायची असेल, तर मात्र ४० एचपीच्या आसपासचा घ्या. हलक्या ट्रॅक्टरची चाकं तिथे जागच्या जागी फिरतात.