५०० वॉटच्या बेसला (खालचा आवाज काढणारा स्पीकर) १२०० वॉटचं मशीन (अ‍ॅम्प्लिफायर) लावलंय. क्लिप लिमिटर चालू ठेवला की स्पीकर जळणार नाही ना?

जळेल. ते बटण मशीनचा आवाज फाटू नये म्हणून आहे, स्पीकरशी त्याचा संबंध नाही. ८ ओहमला १२०० वॉट म्हणजे ९८ व्होल्ट, क्लिप लिमिटर जागा होतो तो तिथे. तुमचा ५०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढे वॉट पेलणारा बेस ६३ व्होल्टलाच भरला. मधल्या ३५ व्होल्टांत त्याला वाचवणारं कोणीच नाही.

देवगडकडच्या एका विसर्जनात मी हे शिकलो. टेम्पोवर चार अठरा इंची, मागे जनरेटर, मिक्सरवर मी. सामान चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, मी त्याच्या हाताखाली. चारला निघालो तेव्हा बेस छातीत बसत होता. सात-साडेसातला समुद्राकडच्या उताराला लागलो आणि तो मऊ पडला. दादा फाळक्याला धरून ओरडला, "आवाज पडलो, वाढय!" मी म्हटलं, नको. "मशिनाक लिमिटर आसा, भियातस कित्याक?" वाढवला. अर्ध्या तासात परत पडला, परत वाढवला. मशीनची क्लिपची लाल लाईट एकदाही लागली नाही. मग जळक्या वार्निशचा वास आला आणि डावीकडचे दोन्ही बेस गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी अंगणात खोलले. कोन दोन्ही हातांनी दाबला की आतून खर्रर घासायचा. मधली डस्ट कॅप कापून बघितलं तर कोन हलवणारी तांब्याच्या तारेची कॉइल काळी ठिक्कर, खालचे वेढे सुटून चुंबकाच्या गॅपमध्ये अडकलेले. दादाने चार माणसांत सांगितलं की पोरानं फेडर (मिक्सरची आवाजाची पट्टी) चढवला म्हणून जळले. आजही तेच सांगतो.

फेडर चढवला मीच. पण आवाज का पडला होता, ते कोणी विचारलं नाही. बेसला दिलेल्या वॉटपैकी जेमतेम दोन-चार टक्क्यांचा आवाज होतो, बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की ६ ओहमची साडेदहाच्या पुढे जाते, तेवढेच व्होल्ट देऊनही वॉट कमी खेचते आणि आवाज बसतो. मिरवणुकीत बेस मऊ पडला तर तो तापलाय असं धरा आणि फेडर खाली आणा. आम्ही तापलेल्यालाच अजून तापवत होतो. चार-चार तास सलग डीजेची गाणी, त्यांत उसंत नाही. डबलबारी भजनात पखवाजाच्या दोन थापांमध्ये कॉइलला श्वास तरी मिळतो.

तर डीएसपीत (मिक्सर आणि मशीनच्या मधला डिजिटल प्रोसेसर) दोन लिमिटर लावा, आणि वॉट विसरून व्होल्टमध्ये विचार करा. पहिला आरएमएस, म्हणजे सरासरी बघणारा, सावकाश चालणारा, अ‍ॅटॅक (पकड घ्यायला लागणारा वेळ) सेकंदाच्या आसपास. तो ५०० वर नाही, निम्म्यावर : २५० वॉट, म्हणजे ४५ व्होल्ट. मशीनचा गेन ३२ डीबी असेल तर व्होल्ट चाळीसपट होतात, म्हणून डीएसपीत थ्रेशोल्ड (लिमिटर जागा होण्याची पातळी) सुमारे +३.२ डीबीयू, म्हणजे १.१ व्होल्ट. दुसरा पीक, म्हणजे क्षणिक टोक अडवणारा, ६३ च्या दुप्पट १२६ व्होल्टला (हे टोकाचे व्होल्ट; वरचे ९८ आरएमएस होते, त्यांचं टोक १३८ ला जातं), अ‍ॅटॅक १६ मिलिसेकंदांच्या आसपास. कागदावर सोडू नका. स्पीकरच्या वायरी काढा, ५० हर्ट्झचा साइन टोन द्या, मल्टिमीटर आउटपुटला लावा आणि लेव्हल चढवत जा. काही सेकंदांत काटा ४५ ला येऊन थांबला पाहिजे.

निम्मं ठेवलं तर आवाज कमी पडेल, असं दादा म्हणेल. पडतो ३ डीबी, मैदानात पुढच्या रांगेलाही फारसा कळत नाही. त्या सीझननंतर मी स्वतःचं सामान घेतलं, ह्याच हिशोबाने लावलं, आणि अजून एकही बेस कॉइल बदलायला दिलेला नाही.

हे आकडे मशीनचे नॉब पूर्ण उघडे असतानाचे आहेत. नॉब अर्धा ठेवून लावलेत आणि ऐनवेळी कोणी फिरवला, तर सगळं व्यर्थ. एका चॅनेलवर दोन बेस पॅरलल असले तरी व्होल्ट तेच राहतात. हायपास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) ३५ हर्ट्झला हवाच. पोर्टच्या (बॉक्सच्या हवेच्या भोकाच्या) ट्यूनिंगखाली कोन मोकळा सुटतो आणि तिथे कमी वॉटलाही फाटतो, लिमिटर बघत राहतो. आणि टॉपच्या हॉर्नच्या ड्रायव्हरला यातलं काहीही जसंच्या तसं लावू नका, त्याचे वॉट फारच कमी असतात, त्याचा हिशोब वेगळा करावा लागतो.