कळा सोसेन, पण उलटी झाली तर?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय 31, पहिलटकरीण आहे. गरोदरपणात साखर वाढली म्हणून गोळ्या चालू आहेत. 39 आठवडे भरले की दाखल होऊन कळा आणायच्या, असं ठरलंय. सगळे विचारतात, कळांची भीती वाटते का? खरं सांगते, तितकी नाही वाटत. मला भीती वाटते उलटीची. शाळेच्या सहलीत बसमध्ये शेजारच्या मुलीला उलटी झाली, तेव्हापासून हे आहे. नवऱ्याचं पोट बिघडलं की मी दुसऱ्या खोलीत झोपते. पहिल्या तीन महिन्यांत फार मळमळायचं, पण एकदाही होऊ दिली नाही, रात्र रात्र बसून काढली. आता ऐकते की कळा आणायच्या औषधानं उलट्या होतात आणि शेवटी शेवटी तर होतातच. तपासणीच्या वेळी धीर करून बोलले, तर “अहो, सगळ्यांनाच होते, त्यात काय एवढं” असं उत्तर मिळालं. घरी बोलले तर हसतील. कधी वाटतं सरळ सिझरच मागावं. कधी वाटतं आदल्या दिवसापासून काही खाऊच नये, म्हणजे बाहेर पडायला काही राहणार नाही. आणि उद्या बाळ दूध ओकलं तर मी काय करणार?
– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी भूलतज्ज्ञ आहे. लेबर रूम आणि ऑपरेशन थिएटर यांच्यामध्ये माझी सतत ये-जा असते आणि उलटी टाळणं, झालीच तर सांभाळणं, हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आला याचं मला बरं वाटलं.

“सगळ्यांनाच होते” हे उत्तर तुम्हाला मिळायला नको होतं. तुम्हाला जे आहे त्याला इमेटोफोबिया म्हणतात. तो बहुधा लहानपणी सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि माणूस तो वर्षानुवर्षं लपवतो, कारण सांगितलं की समोरचा हसतो. ज्याला ही भीती नाही त्याला उलटी म्हणजे दोन मिनिटांचा त्रास. तुम्ही मात्र त्या दोन मिनिटांच्या धास्तीत महिनेच्या महिने काढता. हा फरक कळला नाही की असली उत्तरं दिली जातात.

एक गोष्ट आधी सांगते. उलटी होणारच नाही, असं वचन मी देणार नाही. तुम्हाला ते हवं आहे हे पत्रातून कळतंय, पण असं वचन तासभर पुरतं, मग मन नवीन वचन मागायला लागतं. शक्यता बरीच कमी करता येते, आणि झालीच तर काय होतं, कोण काय करतं हे आधी माहीत करून घेता येतं. तेवढं नक्की सांगते.

आधी औषधांचं. कळा आणायच्या पद्धती एकसारख्या नसतात. गर्भपिशवीच्या तोंडाशी लावायचं जेल आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ही प्रोस्टाग्लँडिन जातीची औषधं. त्यांनी काहींना मळमळतं, पातळ जुलाब होतात, थंडी वाजून कापरं भरतं, अंग तापतं. कळा आणायला मिसोप्रोस्टॉल फार थोडं, बहुधा 25 मायक्रोग्रॅमच्या मात्रेनं देतात, त्यामुळे हा त्रास बहुतेक वेळा आटोक्यात राहतो. कापरं भरलं की ‘आता होणार’ असं तुमचं मन म्हणेल. प्रसूतीत अंग थरथरणं नेहमीचंच आहे, उलटीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. दुसरी पद्धत फुग्याची. फोलीची, म्हणजे एरवी लघवीसाठी घालतात ती मऊ नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवून तिचा फुगा फुगवतात. त्यात औषध नसतं, त्यामुळे औषधानं मळमळण्याचा प्रश्नही नसतो. कोणती पद्धत वापरायची हे पिशवीचं तोंड किती मऊ झालंय, किती उघडलंय, यावर ठरतं आणि तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण दोन्ही चालण्यासारख्या असतील तर तुमची भीती हे निवडीचं रास्त कारण आहे. ते सांगायला संकोच करू नका.

पुढे कळांचं सलाईन, म्हणजे ऑक्सिटोसिन. नेहमीच्या मात्रेत त्यानं थेट मळमळण्याचं प्रमाण कमी. कळांचा जोर मात्र वाढतो, आणि तीव्र वेदनेनंही पोट ढवळतं. कळा फार दाटून यायला लागल्या तर सलाईनचा वेग कमी करता येतो, थांबवताही येतं, आणि त्याचा असर काही मिनिटांतच उतरायला लागतो.

मळमळीचं एक मोठं कारण वेदनाशामक इंजेक्शन असतं, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पेथिडीन, ट्रामाडॉल यांनी पुष्कळ जणींना उलट्या होतात. ती द्यायची झाली तर सोबत उलटी थांबवणारं औषध मागून घ्या. ऑन्डॅनसेट्रॉन 4 मिलिग्रॅम शिरेतून देतात, ते माझ्या हाताशी कायम असतं. हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार आधी असेल तर ते सांगा. मेटोक्लोप्रामाइडही चालतं, पण ते भराभर दिलं तर काही जणींना विलक्षण अस्वस्थ वाटतं, उठून पळावंसं वाटतं. आधीच घाबरलेल्या बाईला हा अनुभव फार वाईट जातो. म्हणून ते सावकाश द्या, असं सांगून ठेवा. आणि औषध मागायचं ते मळमळ सुरू झाली की लगेच. ती दाबून धरण्यात तुम्ही तरबेज आहात, पण इथे दाबून धरायचं काही कारण नाही.

एपिड्युरलबद्दल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून कळांची वेदना कमी करणाऱ्या भुलीबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण तुमच्यासारख्या बाईला त्याचा फायदा होऊ शकतो. वेदना उतरली की वेदनेमुळे येणारी मळमळही उतरते, आणि तुम्ही पूर्ण जाग्या असता. त्यातला नाजूक काळ म्हणजे औषध दिल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं. रक्तदाब उतरला तर अचानक गळाल्यासारखं होतं, कानात आवाज येतो, तोंडाला पाणी सुटतं. त्या क्षणी बोला. नुसतं “मळमळतंय” म्हटलं तरी पुरे. मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते, रक्तदाब पाहते, गरज असेल तर तो वर आणणारं औषध शिरेतून देते. रक्तदाब वर आला की मळमळ काही मिनिटांत विरते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की ‘मळमळतंय’ ऐकलं की माझा हात आपसूक रक्तदाबाच्या मशीनकडे जातो.

आता सिझरचं. वैद्यकीय कारणानं करावं लागलं तर जरूर करा. पण उलटी टाळायला म्हणून मागू नका. पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो, आत पिशवी हाताळली जाते, औषधं दिली जातात, आणि त्या टेबलावर मळमळणं अगदी नेहमीचं आहे. तिथे तुम्ही उताण्या झोपलेल्या, छातीपासून खाली बधिर. लेबर रूममध्ये उठून बसता येतं, कूस बदलता येते, तोंड धुता येतं. तुमच्या भीतीच्या हिशेबानं पाहिलं तर सिझरमध्ये तुमच्या हातात कमीच राहतं. वर पोटावर टाके.

उपाशी राहण्याचा बेत मात्र सोडाच. पहिलटकरणीच्या कळा आणायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. इतका वेळ पोटात काही नसेल तर पित्त होतं, अंगातली ताकद जाते, मळमळ वाढते. आणि रिकाम्या पोटी येणारे कोरडे उमासे उलटीपेक्षा जास्त छळतात, कारण त्यानंतर सुटल्यासारखं वाटत नाही. तुम्हाला तर साखरेचंही पाहायचंय. तुमची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती स्वतःच पोट ढवळवते, म्हणून दाखल होण्याच्या दिवशी ती घ्यायची की नाही, हे आधी विचारून ठेवा.

उपाशी ठेवण्याची पद्धत आली कुठून, तेही सांगते. 1946 साली कर्टिस मेंडेलसन या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञानं दाखवून दिलं की प्रसूतीत पूर्ण बेशुद्ध केलेल्या बायकांच्या पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊन घात होऊ शकतो. तेव्हापासून रिकाम्या पोटाचा नियम घट्ट झाला. धोका होता तो बेशुद्धीतला. जाग्या माणसाला ठसका लागतो, खोकला येतो, घसा स्वतःची राखण करतो. ‘उलटी झाली तर गुदमरेन’ हे तुमच्या मनात असणारच, तुम्ही लिहिलं नसलं तरी. जागेपणी तसं होत नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशींत कमी जोखमीच्या प्रसूतीत तोंडानं पातळ पदार्थ आणि अन्न घ्यायला मुभा आहे. तुमच्या बाबतीत साखर आणि कळा आणणं या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून काय चालेल ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मुभा मिळेल तेवढं हलकं, थोडं थोडं, घोट घोट घेत राहा.

आणि झालीच तर? बहुतेकदा ती होते पिशवीचं तोंड पूर्ण उघडायला येतं तेव्हा, 8 ते 10 सेंटिमीटरच्या सुमाराला. एक-दोन उमासे, पोटात असेल ते बाहेर, आणि लगेच पोट मोकळं. सिस्टर तोंड पुसून देतात आणि तपासायला हातमोजे घालतात, कारण त्यांना कळतं की बाळ आता जवळ आलंय. बाळाला त्यानं काही होत नाही. टाके, नाळ, ठोके, कशालाच धक्का लागत नाही. आणि त्या वेळी कळा इतक्या जोरात असतात की पुष्कळ जणींना नंतर विचारलं तर उलटी झाल्याचं आठवतही नाही. तुम्हाला आठवेल, हे मी जाणते. पण ती तुम्हाला एकट्यानं निस्तरायची नाही.

प्रसूतीनंतरही एक टप्पा असतो. रक्तस्राव थांबवायला नेहमी ऑक्सिटोसिनच देतात आणि त्यात अडचण नाही. रक्तस्राव जास्त झाला तर मेथर्जिन किंवा कार्बोप्रोस्ट द्यावं लागतं, आणि त्यांनी उलट्या होतात, कार्बोप्रोस्टनं तर जुलाबही. ही औषधं जीव वाचवायला असतात, त्यांना नको म्हणू नका. सोबत उलटीचं औषध द्या एवढंच म्हणा.

हे सगळं कळांमध्ये बोलणं जमत नाही, म्हणून एक कागद लिहा आणि दाखल होताच सिस्टर, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ तिघांना दाखवा. एवढं पुरे : “मला उलटीची तीव्र भीती, इमेटोफोबिया, आहे. मळमळ सुरू होताच उलटीचं औषध द्यावं. वेदनाशामक इंजेक्शन देताना ते सोबत द्यावं. मला आधी सांगून मग औषध द्यावं. उलटी झाली तर शांतपणे ‘झालं, संपलं’ म्हणावं, हसू नये.” कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा, कारण पाळ्या बदलतात आणि रात्रीच्या सिस्टरना दुपारचं बोलणं ठाऊक नसतं.

सोबत जो थांबणार आहे त्याला एक काम नीट समजावून सांगा : “मळमळतंय का?” असं सारखं विचारायचं नाही. प्रत्येक वेळी विचारलं की तुम्ही पोटात डोकावून बघणार. त्यानं उलटीसाठी हाताशी खोल पिशवी ठेवावी, तुम्हाला दिसणार नाही अशी. दवाखान्यात उलटीसाठी देतात ती किडनी ट्रे उथळ असते, तिच्यातून उडतं, आणि तुम्हाला नेमकं तेच नको असतं. ओलं फडकं मानेवर, तोंड धुवायला पाणी, पंखा तोंडावर. मळमळ आली की सिस्टरकडून स्पिरिटचा स्वॅब घेऊन नाकाजवळ धरा आणि नाकानं संथ श्वास घ्या. आपत्कालीन विभागात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांमध्ये या उपायानं मळमळ उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. श्वास बाहेर सोडणं लांबवा. घाबरून भराभर श्वास घेतला की त्यानंच गरगरतं आणि मळमळतं, मग ती मळमळ खरीच पोटातून आली असं वाटतं.

यावर मुळातला उपचार आहे, तो म्हणजे वर्तन-विचार उपचारपद्धती. त्यात भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायला शिकवतात. तो पुरा व्हायला आता वेळ नाही, आणि या दिवसांत एकटीनं स्वतःला भीतीच्या तोंडी देऊ नका. पण या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची एक-दोन सत्रं मिळाली तरी घ्या. झोप उडाली असेल, खाणं कमी झालं असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मनासाठी काही गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका.

राहिलं बाळाचं. तान्हं बाळ दूध पिऊन ढेकर देताना तोंडातून थोडं दूध काढतं, त्याला गुळणी म्हणतात. त्यात उमासा नसतो, आजार नसतो, बाळ रडतही नाही. दूध ओठांवरून ओघळतं आणि ते परत झोपतं. खांद्यावर सुती फडकं टाकून धरा. पहिले काही दिवस जमलं नाही तर ढेकर काढायचं काम नवऱ्याकडे द्या, आणि हे त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा. उपचार सुरू केलेले असतील तर ते बाळंतपणानंतर सोडू नका, समुपदेशकाची पुढची तारीख आताच घेऊन ठेवा.