संगीत घेऊ की नाटक? आणि रियाज कुठे करू?

जानेवारी उजाडला की बारावीच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येऊ लागतात. त्यांतल्या दोघाचौघांचा प्रश्न ठरलेला असतो. "मुलगी गाते, नाटकातही काम करते. तिला कुठल्या कॉलेजात घालू?" असं एक कुटुंब तीन वर्षांपूर्वी आलं होतं, त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील सांगलीचे, हळदीचे अडते. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगी मध्ये बसलेली आणि बोलत होते दोघेच. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी गाती चांगली, त्यात वाद नाही. पण गाऊन पोट भरतंय का? आणि शिकायचंच असलं तर सांगली सोडून कशाला जायचं? नाट्यपंढरी म्हणत्यात आपल्या गावाला." आईची यादी तयार होती. पुणे, बडोदा, मुंबई, दिल्ली आणि एक चकचकीत माहितीपत्रकवाली खाजगी संस्था. मुलगी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसली होती. तो थांबला तेव्हाच मला कळलं की इतका वेळ चालू होता.

पहिलं काम यादी छाटायचं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स या दोन्ही ठिकाणी बारावीनंतर लगेच जाता येत नाही, आधी पदवी लागते. हे माहीत नसल्यानं किती घरांत उगाच भांडणं होतात! मुलीची विशारद या गाण्याच्या परीक्षेची तयारी चालू होती, म्हणून आईला वाटत होतं की पदवी जवळजवळ झालीच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या अशा परीक्षा मोलाच्याच, पण मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. पुढे कुणाला महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि नेटला संगीताचा पेपर वेगळा, नृत्य-नाट्याचा वेगळा. म्हणजे पदवीचा विषय ही नुसती हौसेची बाब राहत नाही.

राहिली पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची शाखा आणि ती खाजगी संस्था. घराजवळ राहून बी.ए.ला संगीत हा एक विषय घ्यायचा, हा वडिलांचा पर्याय होताच.

खरी अडचण इथून पुढे. मुलीला हवं होतं संगीत नाटक. आणि अर्जात रकाने दोन, संगीत किंवा नाट्य. वडिलांचा नाट्यपंढरीचा अभिमान खोटा नव्हता. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते सांगलीतच. पण 1880 मध्ये किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटक आणलं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं गाणारा नट घडायचा तो नाटक कंपनीत. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि त्यांना भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. गाणं, चालणं, बोलणं, मुक्काम, जेवण सगळं एका छपराखाली. ते छप्पर गेलं आणि त्याचे दोन विभाग झाले. मुलगी नेमकी त्या दोन विभागांच्या मधल्या बोळात उभी होती.

मी तिला एक वही दिली. पंधरा दिवस, कुणी न सांगता जे केलंस तेवढंच लिहायचं, वेळेसकट. वही परत आली तेव्हा आईचा चेहरा पडला. गाण्याचा रियाज पंधरापैकी सहा दिवस, आणि तोही बाईंचा फोन येईल म्हणून. नाटकाचे उतारे मात्र रोज. एके रात्री पावणेबारा ते सव्वा, आरशासमोर. आई म्हणाली, "म्हणजे नाटकच की हो." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण मी गाण्यातली नाही. म्हणून तिच्या गाण्याच्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "बसून गाते तेव्हा काळी चारच्या पट्टीत सुरेख गाते. उभं राहून चार वाक्यं बोलली आणि लगेच पद उचललं, की दुसऱ्या ओळीला श्वास संपतो. आवाजाला अजून दोन-तीन वर्षं रोज कुणीतरी कान देणारं पाहिजे."

त्या दिवसापासून माझा कल गायनाकडे गेला आणि तो मी मुलीपासून लपवला नाही. काही समुपदेशक म्हणतात आपण तटस्थ राहावं. मला ते सोयीचं सोंग वाटतं. मत सांगावं, कारण सांगावं आणि ते खोडायला समोरच्याला जागा द्यावी. माझं कारण साधं होतं. गाण्याची पदवी घेतली म्हणून नाटकाचं दार बंद होत नाही. नंतर दिल्लीला किंवा मुंबईला जायचं तर पदवी कुठल्याही विषयातली चालते आणि तोवर नाटकाचा अनुभव गोळा करता येतो. अठराव्या वर्षी सोडलेला आवाज मात्र बाविसाव्या वर्षी तिथेच वाट बघत बसलेला असेल, याची खात्री नाही. ती म्हणाली, "पण तीन वर्षं नाटक नाही केलं तर मी मरेन." मी म्हटलं, "मग असं गाव शोध, जिथं गाणं शिकताना नाटक करता येईल." पुण्यात कॉलेजच्या पोरांना पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेचं वेड आहे, ते 1963 पासून. फिरोदिया करंडकात तर गाणं, वाद्य, नाच, चित्र सगळं एकाच सादरीकरणात घालतात. "फक्त त्या-त्या विभागाला विचार, तुमच्या मुलांना स्पर्धेत उतरू देता का."

मग तिघांना गावोगाव पाठवलं. सांगितलं, उद्घाटनाच्या नाहीतर स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. शिक्षकांचं गाणं ऐकू नका, ते चांगलंच असणार. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं ऐका. एका वेळी वर्गात किती जण बसतात, आठवड्यात गुरूसमोर प्रत्यक्ष गळा किती वेळ लागतो, वर्षभरात शिक्षक बदलतात का, हे मुलांनाच विचारा. कॅन्टीनमध्ये विचारा, कार्यालयात नको.

खाजगी संस्थेतून वडील परतले ते चिडूनच. काचेची इमारत, रेकॉर्डिंगची खोली, वातानुकूलित वर्ग. गायन कोण शिकवणार विचारलं तर उत्तर आलं, "व्हिजिटिंग फॅकल्टी ठरतेय." वडील मला म्हणाले, "मॅडम, पोतं दावलं. आतली हळद काय दावंनात." इतकी नेमकी छाननी मला पंधरा वर्षांच्या कामात जमलेली नाही.

बडोदा आईला आवडलं. सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी तिथं 1886 मध्ये संगीतशाळा काढली होती, तेव्हापासूनची ती परंपरा. पण मुलीला नाटक मराठीतच करायचं होतं, त्यामुळे बडोदा गळालं. पुण्यात ललित कला केंद्रात प्रवेशाच्या वेळी गाऊन दाखवावं लागतं, हे ऐकून ती घाबरली आणि खूशही झाली. तोपर्यंत वडिलांनी खर्च दोन पानांवर मांडला होता. फी एका पानावर, राहणं-खाणं दुसऱ्या. दुसरं पान कितीतरी जड निघालं.

आणि त्या दुसऱ्या पानावरच सगळं अडलं. या भागावर मी प्रत्येक पालकाला थांबवते, कारण कॅम्पस बघताना सगळे झाडं बघतात, ग्रंथालय बघतात आणि रियाजाची जागा कुणी बघत नाही. गाणाऱ्या मुलाला पहाटे तास-दीड तास मोकळा आवाज लावता आला पाहिजे, रोज. आईनं पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात चौकशी केली. खोली स्वच्छ, जेवण बरं. मग विचारलं, "सकाळी सहाला गाण्याचा रियाज केला तर चालेल ना?" तिथल्या बाई म्हणाल्या, "हो हो, चालेल की. फक्त हेडफोन लावून करायचा." आई हे सांगताना इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "एवढं सगळं जुळवलं आणि ही गाणार कुठे?"

जागा ठरवून सापडली नाही, पायपिटीनं सापडली. खडकीत पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. गिरणी आठला सुरू होते, त्याआधी खाली कोणी नसतं आणि आठनंतर पट्ट्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही. भिंतीवर पीठ बसतं, ते सोडलं तर उत्तम.

पोट भरण्याचा प्रश्न मी टाळला नव्हता, शेवटी ठेवला होता. वडिलांना स्पष्ट सांगितलं की मंचावरच्या गाण्यावर जगणारे थोडे. बहुतेक जण शिकवतात, साथ करतात, शाळेत लागतात, आकाशवाणीची ग्रेड मिळवतात, चार ठिकाणचं मिळून घर चालवतात. त्यांना विचारलं, "तुमचं दुकान बसायला किती वर्षं लागली?" थोडं थांबून म्हणाले, "नऊ. त्यातली चार बापाच्या जिवावर." पुढचं मी काही बोलले नाही. बायकोकडे बघून ते म्हणाले, "तीन वर्षं देऊ. मग बघू."

पहिलं सत्र तिला जड गेलं. आवाज बसला, एकांकिकेची तालीम आणि सकाळचा रियाज दोन्ही होईना, रात्री अकराला मला रडत फोन. मी विचारलं, "वही आहे का अजून?" होती. यावेळी तिनं स्वतःच लिहायला घेतली आणि त्या वर्षी एकांकिका सोडली. दुसऱ्या वर्षी केली. नाटकाचं काय, हे ती अजून ठरवते आहे.

त्या दिवाळीनंतर वडिलांनी मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतून तानपुरा घेतला. मोबाईलवर तानपुरा वाजतो हे त्यांना माहीत होतं, तरी घेतला. गोधडीत गुंडाळून सांगली-स्वारगेट गाडीची दोन तिकिटं काढली. कंडक्टर आला, दोन तिकिटं बघितली आणि म्हणाला, "दुसरा माणूस कुठाय?" यांनी गोधडी जराशी बाजूला केली आणि भोपळ्यावर हात ठेवला.