जुनं बेसिक, नवा बोर्ड : वाचकांचे प्रश्न

(कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहाव्यात. फक्त ‘सीफ्लॅग्ज’, ‘लाँग_बिट’, ‘-ओ०’ मधला ‘ओ’ आणि ‘ओडी’ कमांडमधला ‘-ए’ मोठ्या अक्षरांत.)

प्रश्न : सी भाषेत लिहिलेला, १९९०च्या आसपासचा एक बेसिक इंटरप्रिटर (बेसिक भाषेतले प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) मिळाला. मित्राच्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर तो चेतावण्या देत देत का होईना, तयार झाला. माझ्याही पाय ३ वर ‘मेक’ (कोडवरून प्रोग्राम तयार करायची कमांड) दिलं, तर स्क्रीनभर एरर. बोर्ड तोच, कोड तोच. मग असं का? *(दारव्हा, जि. यवतमाळ)*

उत्तर : बोर्ड तोच असला तरी कंपायलर, म्हणजे सी कोडवरून चालता प्रोग्राम बनवणारा जीसीसी, वेगळ्या आवृत्तीचा असणार. दोघांनीही ‘जीसीसी --व्हर्जन’ देऊन बघा. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीत जीसीसी १२ येतो, त्यापुढच्या ट्रिक्सी आवृत्तीत १४. आधी जाहीर न केलेलं फंक्शन दिसलं की १२ कुरकुर करून पुढे जातो, १४ तिथंच अडून बसतो. जुन्या सीमध्ये अशी फंक्शनं सर्रास चालायची. म्हणजे कोड बिघडलेला नाही. लगेच त्यात हात घालू नका, आधी कंपायलरलाच मागच्या काळात न्या.

मूळ फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. मेकफाइलमधल्या (‘मेक’साठीच्या सूचनांची फाइल) ‘सीफ्लॅग्ज’च्या ओळीत कंपायलरसाठी हे फ्लॅग लिहा : ‘-एसटीडी=जीएनयू८९ -एफकॉमन -एफसाइन्ड-चार -जी -ओ०’. मग ‘मेक क्लीन’ आणि पुन्हा ‘मेक’.

पहिल्या फ्लॅगने जाहीर न केलेल्या फंक्शनांची अडवणूक थांबते. दुसरा लागतो ‘मल्टिपल डेफिनिशन’ या एररसाठी. जुन्या हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लावता नुसतं ‘इंट लाइननो;’ असं लिहिलेलं असतं आणि ते हेडर दहा फाइलींत घेतलेलं असतं. पूर्वी लिंकर (तुकडे जोडून एक प्रोग्राम करणारा) या दहाही प्रती एकत्र करायचा. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून तसं करणं बंद झालं.

तिसरा फ्लॅग बहुतेकजण विसरतात, आणि नेमका तोच पायसारख्या, आर्म प्रोसेसरच्या बोर्डवर लागतो. इंटेल पीसीवर नुसता ‘चार’ (आकडा नव्हे, सीमधला एका बाइटचा अक्षर-प्रकार) म्हणजे −१२८ ते १२७, आर्म लिनक्सवर ० ते २५५. जुना कोड फाइलमधलं अक्षर ‘चार’मध्ये घेतो आणि ते ‘ईओएफ’ (फाइल संपल्याची खूण) म्हणजे −१ आहे का, हे तपासतो. आर्मवर −१ चं २५५ होतं, तुलना कधीच जुळत नाही, आणि ‘लोड’ दिलं की इंटरप्रिटर गोल गोल फिरत राहतो. एरर नाही, काही नाही. फ्लॅगने काम भागतं, पण खरी दुरुस्ती म्हणजे तो व्हेरिएबल ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) करणं.

यानंतरही जे एरर उरतील ते हातानेच काढावे लागतात. पहिला एरर वाचा, तो दुरुस्त करा, पुन्हा ‘मेक’ द्या. खालचे निम्मे एरर पहिल्याचीच पिल्लं असतात. ‘गेटलाइन’ नावाचं फंक्शन असेल तर त्याचं नाव बदला, त्या नावाचं फंक्शन आता ‘एसटीडीआयओ.एच’मध्येच आहे. ‘व्हारआर्ग्ज.एच’च्या जागी ‘एसटीडीआर्ग.एच’ आणावं लागेल, आणि ‘व्हीए_स्टार्ट’ला शेवटच्या ठरलेल्या आर्ग्युमेंटचं नाव द्यावं लागेल. ‘एसजीटीटीवाय.एच’ असेल तर ‘टर्मिओस.एच’ वापरून तो भाग नव्याने लिहावा लागतो. सुरुवातीला एकेक की वाचणारा ‘इंकी’चा भाग सरळ बंदच ठेवा, बाकीचं चालू लागलं की त्याकडे वळा. प्रयोग करताना इंटरप्रिटर मध्येच पडला आणि टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ लिहून एंटर मारा. एंटरही ऐकत नसेल तर कंट्रोल-जे.

तयार होऊनही चालवताच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीतल्या चुकीच्या पत्त्यावर गेल्याचा एरर) आला, तर ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ देऊन पाहा. उत्तर ६४ आलं, म्हणजे ओएस ६४ बिटांची निघाली, तर तिथंच पाणी मुरतंय. जाहीर न केलेलं फंक्शन ‘इंट’ परत देतं असं कंपायलर धरून चालतो. ‘इंट’ ३२ बिटांचा, पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ६४ बिटांचा. अर्धा पत्ता कापला जातो. वेगळ्या कार्डावर ३२ बिटांची ओएस टाकून तिथं कोड चालवणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. (‘यूनेम -एम’वर विसंबू नका. ३२ बिटांच्या ओएसमध्येही कर्नल (ओएसचा गाभा) ६४ चा असू शकतो.) तिथंही पडला, तर कोड स्ट्रिंग लिटरलमध्ये (कोडमध्येच अवतरणांत दिलेल्या ठरीव मजकुरात) लिहायला जातो आहे का ते बघा, जुन्या सीत ते चालून जायचं.

आणि नुसतं बेसिकच हवं असेल, तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बीडब्ल्यूबेसिक’ दिलं की दोन मिनिटांत काम होतं. पण तुम्हाला हौस दुरुस्तीची दिसते!

प्रश्न : इंटरप्रिटर चालू झाला, पण ‘लेन("कापूस")’ विचारलं तं १५ सांगते. अन् पहिल्या अक्षराचा ‘एएससी’ (अक्षराचा आकडा) −३२ येते. असं काहून? *(आर्वी, जि. वर्धा)*

उत्तर : जुन्या बेसिकच्या लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट. ‘कापूस’मध्ये डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या हिशोबात चिन्हं पाच : क, काना, प, दीर्घ उकार, स. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून १५. ‘लेफ्ट$’ने एक अक्षर मागितलं तर ‘क’चा तिसरा हिस्सा हाती येतो आणि स्क्रीनवर कचरा दिसतो.

−३२ हा वरच्याच ‘-एफसाइन्ड-चार’चा प्रताप. ‘क’चे बाइट २२४, १६४, १४९, पैकी २२४ मधून २५६ गेले की −३२. ‘एएससी’च्या सी कोडमध्ये किंमत परत देण्याआधी ‘अनसाइन्ड चार’चा कास्ट (प्रकार बदलायची सूचना) लावा. ‘इजअल्फा’, ‘इजस्पेस’ यांना जाणाऱ्या अक्षरालाही तोच कास्ट हवा. चिन्हं मोजायची असतील तर ‘लेन’ला हात लावू नका. लूपमध्ये एकेक बाइट घ्या आणि १२८ ते १९१ मधले सोडून बाकीचे मोजा, ५ येतील. डेस्कटॉप न उघडता काळ्या कन्सोलवर देवनागरी नीट दिसणार नाही, हे मात्र धरून चाला.

प्रश्न : शाळेच्या कपाटातल्या फ्लॉपीवरून ‘बीएएस’ फाइली काढल्या. उघडल्या तर मधूनमधून शब्द आणि बाकी चिन्हांचा काला. फाइली खराब झाल्या असतील का? *(शिक्षक, धारणी, जि. अमरावती)*

उत्तर : सर, बहुधा नाही. ‘ओडी -ए एन -टी यू१ फाइल | हेड’ देऊन पहिला बाइट बघा. २५५ असेल तर ती जीडब्ल्यू-बेसिकची (जुन्या पीसीवरचं बेसिक) टोकन केलेली फाइल : ‘प्रिंट’ हा शब्द पाच अक्षरांऐवजी १४५ या एका बाइटमध्ये ठेवलेला. २५४ म्हणजे कुलूप लावून सेव्ह केलेली. १३ असेल तर बीबीसी बेसिक, आणि तिथं ‘प्रिंट’ म्हणजे २४१. शाळेच्या कपाटात हेही निघू शकतं, कारण १९८४ च्या ‘क्लास’ या शाळांतल्या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हेच संगणक दिले होते.

जीडब्ल्यू-बेसिकची फाइल पीसी-बेसिक या प्रोग्राममध्ये लोड करा आणि ‘सेव्ह "नाव",ए’ द्या. स्वल्पविराम आणि ‘ए’ विसरलात तर पुन्हा टोकनच मिळतील. निघालेल्या मजकुरातून ‘टीआर -डी’ वापरून ऑक्टल ०१५ आणि ०३२ हे दोन बाइट गाळा, नाहीतर लिनक्सवरचा इंटरप्रिटर ओळीच्या शेवटी अडखळतो. ‘पोक’, ‘स्क्रीन’, ‘साउंड’ असलेल्या ओळी चालणार नाहीत. त्या हातानेच बदला.

प्रश्न : लाइन दिवसातून चारदा जाते आणि कार्ड खराब होतं. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत बोर्डही मंदावतो. *(आरमोरी, जि. गडचिरोली)*

उत्तर : कोड पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘रास्पी-कॉन्फिग’मधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, लाइन गेली तरी बिघडत नाही. नवीन काही इन्स्टॉल करताना मात्र ओव्हरले आधी बंद करा, नाहीतर रीबूटनंतर सगळं गायब. मंदावण्याचं खापर उन्हावर फोडण्याआधी ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ देऊन बघा. ‘०एक्स५०००५’ आलं तर व्होल्टेज आत्ता कमी पडतंय, ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड वेग कमी करतो. दोष बहुतेक वेळा मोबाइलच्या बारीक केबलचा असतो. ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर आणि आखूड जाड केबल घ्या. ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ ८० अंशांच्या आसपास दाखवत असेल तर मात्र ऊनच. हीटसिंक लावा आणि डबीचं झाकण काढून ठेवा.

प्रश्न : हाच इंटरप्रिटर पिको या रास्पबेरी पायच्याच स्वस्तातल्या छोट्या बोर्डवर टाकता येईल का? *(वरोरा, जि. चंद्रपूर)*

उत्तर : जसाच्या तसा नाही. पिकोवर लिनक्स नाही आणि रॅम २६४ केबी. त्यावर पिकोमाइट, म्हणजे पिकोसाठीचं एमएमबेसिक हे बेसिक, टाका. ‘बूटसेल’ बटण दाबून धरा, यूएसबी लावा, ड्राइव्ह दिसला की ‘यूएफ२’ फाइल त्यात ओढा. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर ड्राइव्ह दिसतच नाही आणि दोष उगाच पिकोवर जातो.