शांत घराचा हप्ता आणि तुमची रोजची १०० मिनिटं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या मध्यावर भाड्याचं लहान घर, दोघांची ऑफिसं जवळ, मुलगी चार वर्षांची. शहराच्या टोकाला एका शांत वस्तीत जवळपास दुप्पट मोठं घर विकत मिळतंय. सध्या भाड्यात उत्पन्नाचे २४ टक्के जातात, तिथे हप्ता ३२ टक्के बसेल. "फरक फक्त ८ टक्क्यांचा आहे, मग घेऊन टाकावं का?" असं तुम्ही विचारलंय.

राहायला जरूर जा, पण घर आत्ता विकत घेऊ नका. त्याच वस्तीत आधी वर्षभर भाड्याने राहा.

हे ८ टक्के कुठे जाऊन पोचतात ते बघू. महिन्याला घरात १०० येतात असं धरा. आज भाडं २४ आणि दोघांचा प्रवास ५, म्हणजे २९. तिकडे हप्ता ३२. घर स्वतःचं झालं की डागडुजी, देखभाल आणि घराचा कर तुमच्याच अंगावर, त्याचे ३. प्रवासाचे ५ चे ७ होतील. स्टेशन चालत जाण्यासारखं नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे दुसरी गाडी आली. तिचा हप्ता, इंधन आणि विमा मिळून ८. झाले ५०. मुलीला संध्याकाळी जास्त वेळ पाळणाघरात ठेवावं लागेल, त्याचे आणखी २. तुम्ही आज महिन्याला २५ शिल्लक टाकता. त्यातले २३ गेले.

कर्ज देणाऱ्याच्या कागदावर ही दुसरी गाडी नसते, पाळणाघरही नसतं, म्हणून कर्ज सहज मंजूर होतं. शिकागोतली 'सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी' ही संस्था घर आणि प्रवास या दोन्हींचा खर्च एकत्र मोजते आणि तो उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा असं मानते. मला ही पद्धत पटते, कारण लांबचं घर स्वस्त असतं ते अंतरामुळेच, आणि ते अंतर आपण रोज पैसे मोजून कापतो. तुमचा आकडा ५० वर जातोय.

"नाहीच जमलं तर पाच वर्षांनी विकून परत येऊ," असंही तुम्ही म्हणता. इथे जरा थांबा. ८ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर दर १०० च्या कर्जामागे पाच वर्षांत तुम्ही साधारण ५० भरता आणि मुद्दल कमी होतं जेमतेम साडेबारा. बाकीचं सगळं व्याज. त्यात खरेदीच्या वेळची नोंदणी आणि विकतानाची दलाली धरा. घराचा भाव चांगला वाढला तरच हे भरून निघेल, आणि टोकाच्या वस्त्यांचे भाव जास्त हेलकावे खातात. २००८ च्या आसपास अमेरिकेत घरांचे भाव कोसळले तेव्हा लांबच्या उपनगरांना सहसा जास्त फटका बसला. २०२० नंतर घरून काम सुरू झालं तेव्हा तिथल्या मोठ्या शहरांत मागणी मध्यातून उपनगरांकडे सरकली. पुढची पाच वर्षं यातल्या कुठल्या वळणाची असतील, यावर मी तुमचं घर उभं करणार नाही.

आता वेळ. तुमच्या हिशेबात त्याची ओळच नाही. तुमचे पती आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतात, तुम्हाला पाचही दिवस जावं लागतं. जाताना ५० आणि येताना ५० मिनिटं जास्त. वर्षाला २३० कामाचे दिवस धरले तर सुमारे ३८३ तास, म्हणजे आठ तासांचे ४८ दिवस. हे तुमच्या एकटीच्या खात्यातून जाणार आहेत. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. लांबून कामाला जाणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी दिसली; चांगलं घर किंवा जास्त पगार यांनी ती तूट पुरती भरून निघत नव्हती.

मी स्वतः अशा वस्तीत सहा वर्षं राहिले. सकाळची शांतता अजून आठवते. पण त्याहून जास्त आठवतो तो पाळणाघराचा दरवाजा: बाकीची मुलं गेलेली, माझा मुलगा बूट घालून, दप्तर पाठीला लावून खिडकीशी उभा. गाडी चुकली की तो तसाच अर्धा तास उभा राहायचा. ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तरीही तुमची ओढ मला मनापासून समजते. रात्री ट्रकच्या आवाजाने मुलगी दचकून उठते, असं तुम्ही लिहिलंय. ही चैनीची मागणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरचा आवाज रात्री ४५ डेसिबलच्या आत असावा असं सांगितलंय, तो झोपेच्या काळजीनेच. म्हणूनच मी 'जाऊ नका' म्हणत नाही.

तुम्ही घर रविवारी सकाळी अकराला पाहिलंत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसलं आणि ठरवलंत. आता एखाद्या मंगळवारी सुट्टी न घेता तिथून निघा. आदल्या रात्री जवळपास कुठेतरी मुक्काम करा, सकाळी घराच्या दारापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत किती वेळ लागला ते लिहून ठेवा, संध्याकाळी परत तसंच जा. रात्री नऊला मुलीला ताप आला तर डॉक्टर किती लांब, तेही बघा. नवी रेल्वे चार वर्षांत येणार असं विकणारे सांगतात. ती येणारच नाही असं धरून घर परवडतंय का ते तपासा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका: आठ महिन्यांच्या खर्चाची जी राखीव रक्कम आहे ती सुरुवातीच्या भरण्यात घालू नका. महिन्याला २ शिल्लक पडत असताना ती पुन्हा साठणार नाही, आणि दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर पहिला हप्ता तिच्यातूनच जायचा असतो.

भाड्याने राहताना हप्ता आणि भाडं यांतला फरक दरमहा वेगळ्या खात्यात टाकत जा. वर्षभर तो न चुकता पडला, दुसऱ्या गाडीवाचून भागलं किंवा तुम्हालाही दोन दिवस घरून काम मिळालं, तर त्याच वस्तीतलं घर घ्या. मी तेव्हा तुमच्या बाजूने असेन. "ही किंमत महिनाअखेरपर्यंतच" म्हणून विकणारा घाई करतोय ना? बुकिंगची रक्कम दिली नसेल तर अजून देऊ नका. मंगळवारी जाण्यायेण्याला किती वेळ लागला ते मला कळवा.